डब्याच्या कोपऱ्यातला सहावा हिस्सा

या वेळी टपालात चार पत्रं एकाच आकाराबद्दल आली. चार त्रिकोणी पृष्ठं, सहा कडा, चार शिरोबिंदू. शाळेत आपण त्याला त्रिकोणी सूची म्हणतो, पुढच्या वर्गांत चतुष्फलक. चौतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, पण या आकाराचं घनफळ मुलांना पटवून देताना मला दर वर्षी नव्याने तयारी करावी लागली. म्हणून चारही पत्रं एकत्र घेते. पहिल्याला जरा जास्त जागा देते, कारण त्यात बाकीच्यांची निम्मी उत्तरं आहेत.

प्रश्न : आमची मुलगी अकरावीत आहे. तिने प्रदर्शनासाठी जाड पुठ्ठ्याचा २०, २६.८ आणि २८.८ सेंमी बाजूंचा त्रिकोण कापला, तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडून घड्या घातल्या आणि चिकटपट्टी लावून बंद चतुष्फलक केला. कडा भरतात १०, १३.४ आणि १४.४ सेंमी, प्रत्येकी दोन. पायथ्याचं क्षेत्रफळ आम्ही ६४.५ चौसेमी काढलं. घनफळ म्हणजे क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले ३, हे माहीत आहे. पण उंची तीनदा मोजली आणि तीन वेगळी उत्तरं आली : १९३.५, २०६.४ आणि २७७.४. कुठे चुकतंय? आणि मुळात भागिले ३ कशासाठी?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : तुमच्या तिन्ही उत्तरांवरून उलटं गणित केलं. तुम्ही उंची धरलीत ९, ९.६ आणि १२.९ सेंमी. म्हणजे फूटपट्टी तिन्ही वेळा पुठ्ठ्याला टेकवून, टोकापासून पायथ्याच्या कडेपर्यंत मोजलंत. ती झाली तिरकस उंची, आणि ती तीन पृष्ठांवर तीन वेगवेगळी असणारच. आपल्याला हवी ती लंब उंची. ती आकाराच्या पोटातून सरळ खाली उतरते, त्यामुळे पट्टी तिच्यावर ठेवताच येत नाही. शंकूच्या गणितातही मुलं हीच गल्लत करतात, तेव्हा लेकीला रागावू नका.

ती अशी मोजा. आकार टेबलावर ठेवा. टोकावर वहीचं कडक पुठ्ठं आडवं, टेबलाला समांतर धरा. कंपासपेटीतला गुण्या टेबलावर उभा करून त्याच्या आधाराने पट्टी सरळ उभी ठेवा आणि पुठ्ठं कुठे येतं ते बघा. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी दोन-तीन मिलिमीटर कोरी जागा असते, ती हिशेबात धरा. तुम्हाला ८.९ च्या आसपास मिळेल. ६४.५ गुणिले ८.९ भागिले ३ केलं की १९१ आणि थोडं वर. तुमचं पहिलं उत्तर याच्या जवळ आलं ते केवळ योगायोगाने, त्या बाजूचं पृष्ठ जवळजवळ उभं आहे म्हणून.

आता भागिले ३. त्यासाठी स्वयंपाकघरात चला. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा असतो ना, सरळ बाजूंचा, तो घ्या. माझ्याकडचा आतून १२, ८ आणि ६ सेंमी आहे, म्हणजे काठोकाठ ५७६ मिली पाणी. खाली परात ठेवा. झाकण काढून डबा एका कडेवर हळूहळू कलता करा. पाणी सांडत जाईल. पाण्याची पातळी एकीकडे वरच्या काठाला आणि दुसरीकडे तळाच्या समोरच्या कडेला टेकली की थांबा. डब्यात आता त्रिकोणी चितीच्या आकाराचं पाणी आहे, बरोबर निम्मं, २८८ मिली. हे डोळ्यांनाच पटतं.

आता तोच डबा कडेवरून एका कोपऱ्यावर आणा. तो कोपरा सगळ्यात खाली. त्याच्या थेट वरच्या कोपऱ्यातून पाणी सांडू द्या, आणि तळाचे शेजारचे दोन कोपरे पाण्याच्या पातळीला आले त्या क्षणी हात थांबवा. इथे घाई केलीत तर प्रयोग फुकट, दोन माणसं हवीत, एकाने धरायचं आणि एकाने डोळा पातळीला आणून बघायचं. कोपऱ्यात उरलं ते पाणी म्हणजे चतुष्फलक. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या झाकणाने ते मोजा. हिशेबाने ९६ मिली यायला हवं. माझ्याकडे ९४ भरलं, डब्याचे कोपरे आतून किंचित गोल आहेत.

५७६, मग २८८, मग ९६. आधी निम्मं झालं, मग त्या निम्म्याचा तिसरा हिस्सा. म्हणून कोपऱ्याचा तुकडा अख्ख्या डब्याचा सहावा भाग. तुमच्या सूत्रातला ३ आणि खाली तिसऱ्या पत्रात येणाऱ्या सूत्रातला ६ या दोन्ही गोष्टी या एका कलत्या डब्यात दिसतात.

आणि आता तुमच्या मुलीच्या पुठ्ठ्याबद्दल एक गंमत सांगते, जी वाचून तुमचं पत्र मी शेजारच्या खोलीत नेऊन घरच्यांना दाखवलं. तिचा चतुष्फलक माझ्या डब्यात चपखल बसतो! त्याची प्रत्येक कड डब्याच्या एकेका पृष्ठाचा कर्ण होते. ८ आणि ६ चा कर्ण १०, १२ आणि ६ चा १३.४, १२ आणि ८ चा १४.४. त्याचे चार शिरोबिंदू डब्याच्या चार कोपऱ्यांत जातात, आणि उरलेल्या चार कोपऱ्यांत चार रिकामे तुकडे राहतात, प्रत्येकी ९६ मिलीचे. ५७६ मधून ३८४ गेले, राहिले १९२. उंची मोजायची गरजच नाही.

डबा हाताशी नसेल तर कडांवरूनही तो काढता येतो. तीन कडांचे वर्ग करा : १००, १७९.५६, २०७.३६. बेरीज ४८६.९२, तिची निम्मी २४३.४६. त्यातून एकेक वर्ग वजा करा : १४३.४६, ६३.९०, ३६.१०. यांची वर्गमुळं म्हणजे डब्याच्या बाजू, १२, ८ आणि ६ ला अगदी लागून. तिन्हींचा गुणाकार भागिले ३. ही युक्ती समोरासमोरच्या कडा समान असल्या तरच चालते, आणि त्रिकोणाच्या मध्यबिंदूंवर घड्या घातल्या की त्या समानच येतात. मूळ त्रिकोण मात्र लघुकोन हवा. काटकोन घेतला तर आकार सपाट मिटतो, हेही मुलीला करून बघू द्या.

तिसरा हिस्सा नेमका का, हे मी वर्गात कपड्याच्या साबणाच्या वडीवर दाखवायचे. वडी कर्णावर कापून त्रिकोणी चिती करायची. सुरीने साबणाचे कपचे उडतात, ताणून धरलेल्या शिवणाच्या दोऱ्याने छान कापला जातो. चितीच्या खालच्या त्रिकोणाला क, ख, ग म्हणा आणि त्यांच्या बरोबर वर च, छ, ज. पहिला काप च, ख, ग मधून. च-क-ख-ग हा तुकडा सुटतो. राहिलेल्या भागाला ख-ग-ज-छ असा चौकोनी पायथा आणि च हे टोक. दुसरा काप च मधून, त्या चौकोनाच्या ख-ज कर्णावरून. झाले तीन तुकडे. चौकोनाचे दोन निम्मे पायथे आणि टोक एकच, म्हणून शेवटचे दोन तुकडे समान. त्यातला च-ख-छ-ज हा उलटा करून वरच्या त्रिकोणावर उभा केला तर त्याचा पायथा आणि उंची पहिल्या तुकड्याइतकीच, म्हणून तोही समान. तिन्ही तुकड्यांचे आकार वेगळे, वजन सारखं. शाळेजवळच्या सराफाच्या काट्यावर आम्ही ते तोलले होते, आणि वर्गातली सगळ्यात मागे बसणारी मुलगी तो काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभी होती. हा पुरावा ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या बाराव्या खंडात आहे.

प्रश्न : आर्यभटांनी या आकाराचं घनफळ चुकीचं सांगितलं आहे, असं एका व्याख्यानात ऐकलं. मनाला लागलं. हे खरं आहे का?
(एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : हो, खरं आहे, आणि मला ते लपवावंसं वाटत नाही. ‘आर्यभटीय’ इसवी सन ४९९ मधलं, तेव्हा आर्यभट तेवीस वर्षांचे. त्याच्या गणितपादातल्या सहाव्या श्लोकाची पहिली ओळ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची आहे, पायाचा निम्मा गुणिले उंची. ती बरोबर. दुसरी ओळ म्हणते : ‘ऊर्ध्वभुजातत्संवर्गार्धं स घनः षडश्रिरिति’. उंची आणि ते क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराचा निम्मा म्हणजे सहा कडांच्या घनाचं फळ. तिथे निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा हवा होता.

या ओळीचा वेगळा अर्थ लावून पाहणारे अभ्यासक झाले. पण इसवी सन ६२९ मध्ये आर्यभटीयावर टीका लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने ती निम्मा म्हणूनच वाचली आणि उदाहरणही सोडवून दिलं. या आकाराला त्याने दिलेलं नाव मला फार आवडतं : शृंगाटक. म्हणजे आपला उपासाचा शिंगाडा. सगळ्या कडा १२ असलेल्या शृंगाटकाचं घनफळ त्याने ९३३१२ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३०५.५ काढलं. खरं घनफळ सुमारे २०३.६ आहे, त्याचं उत्तर बरोबर दीडपट.

चूक कशी झाली असेल, याबद्दल मला जे वाटतं ते सांगते. एकाच श्लोकात वर त्रिकोण आणि खाली घन. त्रिकोण हा चौकोनाचा निम्मा, मग टोकदार घनही सरळ चितीचा निम्मा असेल, असा मनाचा ओघ. माझ्या वर्गात अंदाज विचारला की बहुतेक हात निम्म्यालाच वर व्हायचे. डबा कडेवर कलता केला तेव्हा आपणही निम्म्यावर थांबलोच होतो. कोपऱ्यावर आणायचा तेवढा राहिला होता.

त्याच काळात, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त सूचीसाठी स्पष्ट तीनने भागायला सांगितलं आहे. आणि तुम्ही चाळीसगावचे, म्हणून मुद्दाम लिहिते. ११५० च्या ‘लीलावती’त खातव्यवहारात, म्हणजे खड्ड्यांच्या गणितात, भास्कराचार्यांची (हे दुसरे भास्कर) ओळ आहे : ‘समखातफलत्र्यंशः सूचीखाते फलं भवति’. सरळ खड्ड्याच्या घनफळाचा तिसरा हिस्सा म्हणजे सूचीसारख्या खड्ड्याचं घनफळ. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तुमच्या गावापासून जवळ, पाटण इथलाच. पाटणादेवीला गेलात तर मुलांना ही ओळ म्हणून दाखवा.

याच पत्राला जोडून एक गोष्ट. त्रिकोण निम्मा आहे हे कात्रीने कापून, तुकडे जुळवून दाखवता येतं. मग चतुष्फलक कापून, तुकडे जुळवून सरळ इष्टिकाचिती का करत नाही, असं मुलं विचारायची. काही खास चतुष्फलकांचं होतं तसं. पण सगळ्यांचं होत नाही. समान पायथा आणि समान उंची असलेले दोन चतुष्फलक नेहमी कापून एकमेकांत बदलता येतात का, हा प्रश्न जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने १९०० मध्ये न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या प्रसिद्ध यादीत तिसरा म्हणून ठेवला. त्याचाच विद्यार्थी माक्स डेन याने तो लगेच सोडवला : नाही, नेहमी नाही येत. सगळ्या कडा समान असलेला चतुष्फलक कितीही सरळ काप घेऊन कापलात तरी त्याच्या तुकड्यांचा घन, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असलेला ठोकळा, जुळत नाही. म्हणून इथे कात्री पुरत नाही. वह्यांची चळत बाजूला सरकवली तरी कागद तेवढेच राहतात, तशा थरांच्या युक्तिवादाने जावं लागतं. साबणाच्या तुकड्यांतही ‘पायथा आणि उंची समान म्हणून घनफळ समान’ म्हणताना आपण तोच युक्तिवाद गुपचूप वापरला होता.

प्रश्न : बाई, मी बारावीत आहे. सदिशांच्या धड्यात चतुष्फलकाचं घनफळ म्हणजे निश्चयकाचा (डिटर्मिनंटचा) एक-षष्ठांश, असं सूत्र आहे. पाठ आहे, पण समजलेलं नाही.
(एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : वरचं कलत्या डब्याचं वाचलंस ना, मग अर्धं समजलंय. एका शिरोबिंदूतून निघणाऱ्या तीन कडांवर एक डबा बांध. कडा काटकोनात नसतील तर डबा तिरका होईल, पण वह्यांची चळत सरकवल्यासारखाच. निश्चयक त्या डब्याचं घनफळ देतो आणि चतुष्फलक त्याचा सहावा हिस्सा.

वहीत हे कर. शिरोबिंदू घे (०, ०, ०), (३, ०, ०), (१, ४, ०) आणि (२, १, ५). निश्चयक येतो ३ गुणिले ४ गुणिले ५, म्हणजे ६०. सहाने भागले, १०. आता शाळेच्या पद्धतीने : पायथा ३ आणि त्यावरची उंची ४, क्षेत्रफळ ६. टोक जमिनीपासून ५ वर. ६ गुणिले ५ भागिले ३, पुन्हा १०. शेवटच्या बिंदूतले २ आणि १ कुठेच वापरले गेले नाहीत, हे पाहिलंस का? टोक (२०, −७, ५) ला नेलंस तरी उत्तर १०. आकार किती लांबडा आणि वाकडा होईल बघ, घनफळ हलणार नाही. उत्तर ऋण आलं तर घाबरू नकोस, कडा घ्यायचा क्रम बदललेला असतो, चिन्ह सोडून दे. आणि शून्य आलं तर चारही बिंदू एकाच प्रतलात आहेत. परीक्षेत हे नेहमी विचारतात.

प्रश्न : मी घरी बडीशेपेचा मुखवास करून विकते. प्लास्टिकची नळी सपाट केली की ६ सेंमी रुंद होते. एक सील आडवं, ५ सेंमीवर पुढचं सील उभं, अशी चार कोनांची पुडी करते. एका पुडीत किती मावेल हे आधी कसं काढू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमची पुडी म्हणजे स्वीडनमधल्या टेट्रा पाकची पहिली दुधाची पुडी. लुंड गावात १९५१ मध्ये कंपनी निघाली ती याच आकारावर. ग्रीकमध्ये टेट्रा म्हणजे चार, नावही त्यावरूनच. कागदाची नळी, एकाआड एक काटकोनात सील, कागद जवळजवळ वाया जात नाही.

तुमची दोन सीलं समोरासमोरच्या कडा आहेत, दोन्ही ६ सेंमीच्या आणि एकमेकींना काटकोनात. अशा वेळी दोन्ही कडांचा गुणाकार करा, त्यांच्यामधल्या सरळ अंतराने गुणा आणि सहाने भागा. पण ते अंतर ५ नाही. ५ हे नळीच्या अंगावरून मोजलेलं, पुन्हा तीच तिरकस उंची. सरळ अंतरासाठी ५ च्या वर्गातून सीलच्या निम्म्याचा, म्हणजे ३ चा वर्ग वजा करा : २५ वजा ९, सोळा, वर्गमूळ ४. मग ६ गुणिले ६ गुणिले ४ भागिले ६, २४ घसेमी. चहाचे पाच सपाट चमचे समजा, कारण एक चमचा सुमारे ५ मिलीचा.

हेच अंतर ५ ऐवजी ७ ठेवलंत तर ४९ वजा ९, चाळीस, वर्गमूळ ६.३, घनफळ जवळपास ३८. प्लास्टिक ४० टक्के जास्त लागलं आणि जागा ५८ टक्क्यांनी वाढली. उलट ३ सेंमीवर सील मारलंत तर ९ वजा ९ शून्य, पुडी उघडणारच नाही. मापं सीलच्या आतल्या कडांपासून घ्या. आणि पहिली पुडी करून, एका कोपऱ्याला चीर देऊन आत राजगिरा भरून बघा. तो बडीशेपेपेक्षा घट्ट बसतो, पुडीचं खरं माप तोच सांगेल. मुखवास मात्र काठोकाठ भरू नका, सील पकडायला वरचा अर्धा सेंटीमीटर मोकळा लागतो.